टेलर : शिंप्याच्या कात्रीपासून बाळाच्या पाळण्यापर्यंत

सुट्टीवर गावी आलेले एक तरुण दांपत्य काही काळापूर्वी आमच्याकडे आले होते. दोघांचेही वास्तव्य कॅनडात असून आपल्या कन्येचा स्नानसंस्कार वाडवडिलांच्या चर्चमध्ये व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. अर्ज भरून झाला आणि नावाच्या रकान्यापाशी आमच्या कार्यालयातील लेखनिकाचा हात थांबला. "टेलर हे आडनाव का?" त्यांनी विचारले. "नाही, नाव," आईने सांगितले. सोबत आलेल्या आजीबाई तोवर शांत होत्या. आता मात्र त्यांना राहवले नाही. "फादर, तुम्हीच सांगा यांना. पोरीला शिंप्याचं नाव ठेवतात का कुणी? उद्या शेजारीण ब्लाऊजपीस घेऊन दारात उभी राहील!"

आम्हांला हसू आवरेना, परंतु आजीबाई हसत नव्हत्या. त्यांच्या आक्षेपात दोन निरनिराळ्या गोष्टी गुंतलेल्या होत्या. या नावाचा कोणी संत नाही, ही पहिली. आणि हे धंद्याचे नाव आहे, ही दुसरी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तसभेच्या नियमांत सापडते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला आपल्याच घरात डोकवावे लागेल. म्हणून या नावाचा इतिहास वाचकांपुढे थोडा विस्ताराने मांडीत आहोत.

कापणारा, शिवणारा नव्हे

इंग्रजीतील 'टेलर' हा शब्द नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर फ्रान्समधून इंग्लंडात गेला. जुन्या फ्रेंच भाषेत 'ताय्ये' म्हणजे कापणे आणि कापणारा तो 'तायर'. त्याच्याही मागे गेल्यास उत्तरकालीन लॅटिनमधील 'तालियारे' हे क्रियापद लागते, आणि त्याचे मूळ आहे 'तालेआ', म्हणजे झाडाची तोडलेली फांदी किंवा काठी. तेव्हा टेलर म्हणजे शिवणारा नव्हे, कापणारा. मध्ययुगात कापड अतिशय महाग होते. सुई-दोरा घरोघरी चाले, परंतु अंगाच्या मापाने कापडाला कात्री लावणे हे जोखमीचे काम होते. एकदा चुकीची कात्री चालली की कापड परत जुळत नाही. म्हणून कारागिराला नाव मिळाले ते कात्रीवरून. जर्मन 'श्नायडर' आणि डच 'स्नायडर' यांचाही अर्थ कापणारा असाच आहे.

याच लॅटिन मुळाची इतर अपत्ये आपण रोज वापरतो. घाऊक मालाचे पुन्हा तुकडे करून विकणे ते 'रिटेल'. एखाद्या गोष्टीचे बारीक तुकडे करून सांगणे ते 'डिटेल'. काठीवर खाचा पाडून हिशेब ठेवण्याची रीत होती, ती खाचांची काठी म्हणजे 'टॅली'. आज ज्या संगणकप्रणालीवर आपल्या पतपेढ्यांचे हिशेब लिहिले जातात, तिच्या नावाचे शिंप्याशी असे भावकीचे नाते आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

लॅटिनमध्ये शिंप्याला दुसरा शब्द आहे 'सार्तोर', म्हणजे सांधणारा, ठिगळ लावणारा. त्यावरून इटालियन भाषेत 'सार्तो' हे आडनाव आले. पोर्तुगीज भाषेने मात्र अरबी 'खय्यात' उचलला व त्याचा 'अल्फायात' केला. हंगेरीत 'साबो', स्पेनमध्ये 'सास्त्रे', पोलंडमध्ये 'क्राविएत्स'. युरोपातील जवळजवळ प्रत्येक भाषेने या कारागिराला आडनावांच्या यादीत जागा दिलेली दिसते.

इंग्लंडमध्ये आडनावे वंशपरंपरेने चालू लागली ती साधारणपणे अकराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यान. एका गावात दहा जॉन असत. त्यांतला लोहार तो जॉन स्मिथ, दळणारा तो जॉन मिलर, शिंपी तो जॉन टेलर. पुढे मुलाने बापाचा धंदा सोडला तरी नाव चिकटून राहिले. संत जॉन फिशर यांचे उदाहरण घ्या. राजा आठव्या हेन्रीपुढे मान न तुकवल्यामुळे २२ जून १५३५ रोजी ज्यांचा शिरच्छेद झाला, त्या या बिशपांचे आडनाव कोळ्याचे. वडील मात्र कापडाचे व्यापारी होते.

आज इंग्रजीत शिंप्यासाठी जो शब्द लिहितात त्यात 'आय' हे अक्षर असते, तर आडनावात 'वाय'. पूर्वी ही दोन अक्षरे एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जात. पुढे धंद्याच्या शब्दाचे लेखन बदलले, आडनावाने जुने वळण धरून ठेवले. लंडनच्या शिंप्यांच्या संघाच्या नावातही तो 'वाय' अजून आहे. हा संघ मुळात बाप्तिस्मा करणारा संत योहान याच्या नावाने चालणारी एक धार्मिक बंधुसभा होती. १३२७ साली तिसऱ्या एडवर्ड राजाने त्याला सनद दिली आणि १५०३ साली सातव्या हेन्रीने 'मर्चंट टेलर्स' हे नाव बहाल केले. मिरवणुकीत सहावा मान कोणाचा, यावरून या शिंप्यांचे आणि कातड्या-फरच्या व्यापाऱ्यांचे असे काही जुंपले की १४८४ साली नगरपतींना निवाडा द्यावा लागला: एक वर्ष तुम्ही सहावे, ते सातवे, दुसऱ्या वर्षी ते सहावे, तुम्ही सातवे. सणाच्या मिरवणुकीतील मानपानाचे वाद मिटविताना आमच्यासारख्या धर्मगुरूंना हा निवाडा लक्षात ठेवण्याजोगा वाटतो.

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. अक्षराच्या या फरकामुळे इंग्रजी वाचणाऱ्याच्या डोळ्यांना धंदा आणि नाव या दोन वेगळ्या वस्तू दिसतात. देवनागरीत ती सोय नाही. कॅनडातील नातीचे नाव आणि स्टेशनसमोरच्या 'लेडीज टेलर'ची पाटी आपण एकाच अक्षरांत लिहितो. आजीबाईंना जे खुपले, त्याचा निम्मा दोष आपल्या लिपीच्या प्रामाणिकपणाचा आहे!

आडनावाचे नाव होते कसे?

मराठी माणसाला हा प्रकारच चमत्कारिक वाटतो. आपल्याकडेही धंद्यांवरून व वतनांवरून आलेली आडनावे विपुल आहेत. सुतार, लोहार, कुंभार, तांबट, शिंपी ही हातांच्या कारागिरीची; कुलकर्णी, देशपांडे, फडणीस, चिटणीस ही लेखणीची. मुंबईच्या पारशी समाजाने तर इंग्रजी अमदानीत कॉन्ट्रॅक्टर आणि इंजिनिअर ही आडनावे घेतली, आणि नरी कॉन्ट्रॅक्टर व फरोख इंजिनिअर या क्रिकेटपटूंनी ती घरोघरी पोहोचवली. गुजरातेत दर्जी समाजातील अनेक कुटुंबांचे आडनाव 'टेलर' असेच आहे. परंतु पाळण्यात बाळाच्या कानात 'फडणीस' म्हणून कुर्र केल्याचे आम्ही ऐकलेले नाही. याच्या जवळ जाणारे उदाहरण पंजाबात सापडते. तेथे जनरल व कर्नल या लष्करी हुद्द्यांवरून जरनैल आणि करनैल ही मुलांची नावे पडली. भारताचे प्रख्यात फुटबॉलपटू जरनैल सिंग हे त्यांपैकीच.

इंग्लंडमध्ये ही प्रथा सोळाव्या शतकात रुजली. विल्यम कॅम्डेन या इतिहासकाराने १६०५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिची नोंद केली असून, आडनाव पाळण्यात घालण्याची ही रीत ख्रिस्ती जगतात अन्यत्र कोठेही नाही, असे म्हटले आहे. तिची कारणे दोन दिसतात. धर्मसुधारणेनंतर संतांची नावे तेथे अनेकांना नकोशी झाली, आणि जमीनदार घराण्यांत आईच्या माहेरचे आडनाव थोरल्या किंवा धाकट्या मुलाला देऊन तिकडच्या मालमत्तेशी व प्रतिष्ठेशी नाते जोडले जाऊ लागले. ही रीत पुढे अमेरिकेत गेली, विशेषतः दक्षिणेकडील राज्यांत फोफावली. तेथे राष्ट्रपुरुषांची आडनावेही मुलांना देत. झॅकरी टेलर हे १८४९ ते १८५० या काळात अमेरिकेचे बारावे राष्ट्राध्यक्ष होते.

तेव्हा 'टेलर' हे नाव पाळण्यात आले ते शिंप्याची आठवण म्हणून मुळीच नव्हे. ते आईच्या घराण्याची आठवण म्हणून आले. याचे सुंदर उदाहरण कॅथलिक वाचकांच्या परिचयाचे आहे. संत लूक आणि संत पौल यांच्या जीवनावर प्रचंड खपाच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या टेलर कॉल्डवेल (१९०० ते १९८५) यांचे मूळ नाव जॅनेट मिरियम. 'टेलर' हे त्यांच्या मातृकुळाकडून आलेले नाव. १९३८ साली पहिली कादंबरी प्रसिद्ध होताना मुखपृष्ठावर तेवढेच ठेवले गेले, आणि वाचकांचा समज झाला की लेखक कोणी पुरुष असावा! गुरुविद्यालयात आमच्या काळी ग्रंथालयातील त्यांची लूकवरील कादंबरी हातोहात फिरत असे. ती एका बाईने लिहिली आहे, हे आमच्यापैकी कित्येकांना फार उशिरा समजले.

लोकप्रियतेची लाट

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हे प्रामुख्याने मुलग्यांचे नाव होते. चित्रपट दिग्दर्शक टेलर हॅकफर्ड यांचा जन्म १९४४ चा, ढोलकवादक टेलर हॉकिन्स यांचा १९७२ चा. १९८० नंतर अमेरिकेतील पालक ते मुलींनाही देऊ लागले, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास ते तेथील मुलींच्या पहिल्या दहा नावांत जाऊन बसले. त्याच वेळी मुलग्यांच्या पहिल्या शंभरातही ते होतेच. अमेरिकेचे सामाजिक सुरक्षा खाते नवजात बालकांच्या नावांची वार्षिक यादी प्रसिद्ध करते, तीत हे पाहता येते.

या लाटेचे श्रेय कोणा एकाला देता येणार नाही. १९९० साली 'द बोल्ड अँड द ब्युटिफुल' या दूरदर्शन मालिकेत टेलर नावाची डॉक्टर स्त्री अवतरली. ही मालिका आपल्याकडेही नव्याने आलेल्या केबलवर पाहिली जात असे आणि अनेक धर्मग्रामांतील संध्याकाळच्या रोझरीची वेळ तिच्याशी भांडत असे, ते जुने लोक विसरले नसतील. परंतु नाव त्याआधीच चढू लागले होते. मुलींना सौम्य, नाजूक नावाऐवजी व्यवसायात उपयोगी पडेल असे नाव द्यावे, ही विचारसरणी त्या पिढीतील आयांमध्ये बळावली होती. गायिका टेलर स्विफ्ट हिचा जन्म १३ डिसेंबर १९८९ चा. गायक जेम्स टेलर यांच्या आडनावावरून तिचे नाव ठेवले गेले. नाव वाचून समोरच्याला मुलगा की मुलगी हे कळू नये, म्हणजे पुढे नोकरीधंद्यात अडथळा येणार नाही, असा तिच्या आईचा विचार होता, असे तिने सांगितले आहे.

लाट जशी चढली तशी ओसरली. टेलर स्विफ्टची कीर्ती शिखरावर असताना, 'टाइम' साप्ताहिकाने तिला २०२३ ची सर्वश्रेष्ठ व्यक्ती म्हणून गौरविले त्या सुमारास, हे नाव अमेरिकेतील मुलींच्या पहिल्या शंभरांतूनही बाहेर गेलेले होते. एखादे नाव फार गाजले की पालक त्यापासून दूर राहतात, असे दिसते. मात्र तोवर दार उघडले होते आणि त्यातून इतर कारागीर आत आले: कौले घालणारा टायलर, गाडीवान कार्टर, पिंपे बनविणारा कूपर, मेणबत्त्या करणारा चँडलर. गवंडी मेसन तर २०११ साली अमेरिकेतील मुलग्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होता. या मंडळीत 'क्लार्क' हेही एक नाव आहे. ते लॅटिन 'क्लेरिकुस'वरून, म्हणजे धर्मसेवकावरून आले आहे. आमच्याच गोत्रातले म्हणायचे!

संत कोठे आहे?

आता आजीबाईंचा पहिला प्रश्न. १९१७ च्या धर्मविधी संहितेतील ७६१ व्या कलमानुसार, बालकाला ख्रिस्ती नाव मिळेल याची काळजी धर्मगुरूने घ्यावयाची होती. ते साधले नाही तर पालकांनी सुचविलेल्या नावाला एखाद्या संताचे नाव जोडून दोन्ही नावे नोंदवहीत लिहावयाची होती. १९८३ च्या नव्या संहितेचे ८५५ वे कलम सौम्य आहे. ख्रिस्ती भावनेला परके असे नाव दिले जाऊ नये, एवढेच ते सांगते. संताचे नाव असावे ही परंपरा सुंदर आहे, ख्रिस्तसभेची धर्मशिकवण तिची शिफारस करते, परंतु आज ती सक्ती नाही. अमेरिकन अभिनेते स्पेन्सर ट्रेसी यांचे पूर्ण नाव स्पेन्सर बोनाव्हेंचर ट्रेसी. स्पेन्सर म्हणजे कोठीघराचा कारभारी. त्याच्या मागे संत बोनाव्हेंचर उभा केला की काम झाले. फादर फ्लॅनगन यांच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळविणाऱ्या या कलावंताला ते शोभूनही दिसते.

शिवाय आडनावाचे नाव होणे ही गोष्ट आपल्याला वाटते तितकी परकी नाही. आपल्या घराघरांत झेवियर आहेत, बॉस्को आहेत, सावियो, व्हियानी आणि गोरेटी आहेत. ही सर्व मुळात संतांची आडनावे. झेवियर हे तर नावार प्रांतातील एका वाड्याचे नाव. बास्क भाषेतील ज्या शब्दावरून ते आले, त्याचा अर्थ 'नवे घर'. वसईकरांच्या बोलीत सांगायचे तर फ्रान्सिस झेवियर म्हणजे फ्रान्सिस नवघरकर! संताच्या पावित्र्याने ते आडनाव पाळण्यात आणले, एवढाच फरक.

आणि शिंप्याच्या आडनावाचाही एक संत आहे, तोही पोप. संत दहावे पायस (१९०३ ते १९१४) यांचे मूळ नाव जुझेप्पे सार्तो. सार्तो म्हणजे शिंपी, हे वर आलेच आहे. वडील गावात टपाल पोहोचवीत, तर आई मार्गरिता शिवणकाम करीत असे. म्हणजे आडनाव वडिलांचे आणि धंदा आईचा. त्यांच्या कारकिर्दीत कॅनडातील फ्रेंच कॅथलिकांमध्ये 'सार्तो' हे बाळाचे नाव म्हणूनही दिसू लागले. १९५७ ते १९६० या काळात माँट्रियलचे महापौर असलेले सार्तो फूर्निए १९०८ साली जन्मले होते. ज्या देशात आमच्या आजीबाईंची नात वाढते आहे, त्याच देशात शिंपी हे नाव कॅथलिक पाळण्यात शंभर वर्षांपूर्वीच जाऊन आले होते.

'टेलर' आडनावाचे एक धन्यवादितही आहेत. ह्यू टेलर हे इंग्लंडातील डरॅम गावचे. फ्रान्समध्ये रेम्स येथे शिक्षण घेऊन ते गुरुपदावर आरूढ झाले व छुपेपणाने मायदेशी परतले. परदेशात दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूने इंग्लंडच्या भूमीवर असणे हाच राजद्रोह, असा कायदा १५८५ साली झाला होता. त्या कायद्याखाली प्राण गेलेल्या पहिल्या रक्तसाक्षींपैकी ते एक. नोव्हेंबर १५८५ मध्ये यॉर्क येथे त्यांना फाशी देण्यात आले, आणि त्यांना आसरा दिल्याबद्दल मार्माड्यूक बोव्स या प्रापंचिकालाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २२ नोव्हेंबर १९८७ रोजी ८५ रक्तसाक्षींना धन्यवादित घोषित केले, त्यांत ह्यू टेलर आहेत.

शिंप्यांचे आश्रयदाते संत ओमोबोनो हे इटलीतील क्रेमोना शहरचे कापडव्यापारी व शिंपी. संसारी माणूस, मिळकतीतील मोठा वाटा गोरगरिबांना देणारा. १३ नोव्हेंबर ११९७ रोजी पवित्र मिस्सा चालू असताना ते क्रुसाच्या आकारात जमिनीवर पालथे झाले, ते पुन्हा उठलेच नाहीत. अवघ्या चौदा महिन्यांत, जानेवारी ११९९ मध्ये, तिसरे इनोसंट या पोपमहोदयांनी त्यांना संतपद दिले. राजघराणे नाही, मठ नाही, हातात गज आणि कात्री असलेला प्रापंचिक वेदीवर गेला, हे त्या काळी अपूर्व होते.

धंद्याचा कमीपणा

राहिला आजीबाईंचा दुसरा आक्षेप, आणि तो आम्हांला अधिक गंभीर वाटतो. इंग्रजी बोलणाऱ्या समाजात टेलर, स्मिथ, कार्टर या नावांमागचा धंदा केव्हाच विरून गेला आहे. टेलर आडनावाच्या माणसाला तेथे कोणी कात्रीबद्दल विचारीत नाही. आपल्याकडे धंदा विरत नाही, कारण धंद्यामागे जात उभी असते. शिंपी म्हटले की आपण व्यवसाय ऐकत नाही, पायरी ऐकतो. सोनार, शिंपी व कुलकर्णी यांना एका दोरीत बांधून त्यांची संगत नको म्हणणारी जुनी म्हण आपण हसत हसत वापरतो. पोर्तुगीज काळात आपल्या पूर्वजांनी डिसोजा, परेरा, लोपीस ही आडनावे घेतली आणि धंद्याची खूण आडनावातून गेली. ती मनातूनही गेली असे मात्र आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. लग्नाची बोलणी चालू असताना आडनावाच्या पलीकडचे प्रश्न अजून विचारले जातात, हे धर्मगुरूंपासून लपत नाही.

आम्ही आजीबाईंना प्रेषितांच्या कृत्यांचा नववा अध्याय आठवतो का, असे विचारले. यापो येथील टबीथा ऊर्फ दुर्कस मरण पावली, तेव्हा विधवांनी पेत्राला रडत रडत काय दाखविले? तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे. पौलाचे चरितार्थाचे साधन तंबू शिवण्याचे होते. आमच्या महाराष्ट्राच्या मातीतील संत नामदेवही शिंपी कुळातले.

आजीबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझी आईसुद्धा मुंबईत लोकांचे कपडे शिवायची, फादर. आम्ही कोणाला सांगत नव्हतो."

सुनेने त्यांच्याकडे पाहिले. तिला हे ठाऊक नसावे. नोंदवहीत त्या दिवशी दोन नावे लिहिली गेली: टेलर, आणि त्यापुढे आजीबाईंच्या आईचे नाव, मार्गारेट. पायस पोपांच्या आईचेही तेच नाव, हे आम्ही त्यांना स्नानसंस्कारानंतर, चहा घेताना सांगितले.